साप्ताहिक डिजिटलवर न्यायचंय? मग फेसबुक पेजपासून सुरुवात करू नका

दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी संपादक फोन करतो. कधी काटोलचा, कधी उमरेडचा, बरेचदा नागपुरातलाच, महालातला नाहीतर धंतोलीतला. गोष्ट तीच असते. "भाऊ, साईट केली, फेसबुक पेज केलं, एक पोरगं ठेवलं, सहा महिने झाले, काहून कोणी वाचूनच नाही राहिलं?" मी साईट उघडतो तर होमपेजवर अंकांच्या पीडीएफची रांग, फेसबुकवर कव्हरचा फोटो आणि खाली "वाचा नवा अंक", आणि त्या फोटोला बारा लाईक, त्यातले चार घरचे.

पीडीएफ टाकली म्हणजे डिजिटल झालो हा पहिला गैरसमज. मोबाईलवर टॅब्लॉइडचं पान दोन बोटांनी ताणून, डावीकडून उजवीकडे सरकवत कोण वाचणार? आणि आतला मजकूर जुन्या फॉन्टमध्ये असेल तर गुगलच्या लेखी ते मराठी नाहीच, नुसता कचरा आहे.

मी मूळचा डीटीपीवाला. पेजमेकर या सॉफ्टवेअरवर छपाईची पानं लावत लावत या धंद्यात आलो, त्यामुळे खालचा क्रम कुठल्या सेमिनारमधला नाही, हात पोळून शिकलेला आहे. दोन-तीन माणसांचं साप्ताहिक किंवा मासिक असेल तर सहा महिने धरून चाला. महिनाभरात करून देतो म्हणणाऱ्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

१. आधी दोन याद्या करा

कॉम्प्युटरला हात लावायच्या आधी कागद-पेन घ्या.

पहिली यादी पैशाची. गेल्या वर्षी पैसा कुठून कुठून आला ते एकेका ओळीत लिहा: वार्षिक वर्गणी, स्टॉलची विक्री, दुकानांच्या जाहिराती, वकिलांच्या जाहीर नोटिसा, सरकारी जाहिराती, दिवाळी अंक, हिवाळी अधिवेशनाचा विशेषांक. प्रत्येकापुढे लिहा की कागद बंद झाला तर हा पैसा राहील का जाईल. जाहीर नोटिसा आणि सरकारी यादीवरच्या जाहिराती छापील अंकाच्या जिवावर असतात, वेबसाईटला कितीही लोक आले तरी त्या आपोआप तिकडे येत नाहीत. ही यादी न करता "आता प्रिंट बंद, फुल डिजिटल" अशी घोषणा केलेले लोक मी पाहिलेत. तीन महिन्यांनी पगार थकतो तेव्हा उघडतात डोळे.

दुसरी यादी वस्तूंची. जुन्या अंकांच्या फाइली कुठल्या कॉम्प्युटरवर, कुठल्या सीडीत, कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये, कुठल्या फॉन्टमध्ये. फोटो कुठे आहेत. वर्गणीदारांचं रजिस्टर कोणाकडे आहे. ईमेलचा पासवर्ड कोणाला माहीत आहे. ही यादी करताना भांडणं होतात, होऊ द्या, पुढे होण्यापेक्षा आता झालेली बरी.

आजीव वर्गणीदार वेगळे काढून ठेवा. पंधरा-वीस वर्षांपूर्वी एकरकमी पैसे भरलेले हे लोक, त्यातले काही गेले, काहींचा पत्ता बदलला, पण जे आहेत ते सगळ्यात आधी फोन करून विचारणार की आमच्या अंकाचं काय.

तपासा: दोन्ही याद्या पूर्ण झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. "फॉन्ट कोणता" या रकान्यात "माहीत नाही" लिहिलं असेल तर यादी अर्धवटच आहे.

२. मजकूर युनिकोडमध्ये आणा (इथे सगळ्यात जास्त वेळ जाईल)

आपल्या बहुतेक जुन्या फाइली कृतिदेव, श्रीलिपी, आयएसएमचे सुरेख-योगेश वगैरे फॉन्ट, असल्या कशात तरी आहेत. या फॉन्टमध्ये पडद्यावर मराठी दिसतं पण आत इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात. कृतिदेवात "मराठी" लिहिलं तर आत ई, जे, के, बी, एच असं काहीतरी असतं, फॉन्ट फक्त त्याला मराठीचा मुखवटा घालतो. फॉन्ट काढला की मुखवटा गेला. वेबसाईट, व्हॉट्सॲप, गुगल सर्च, सगळ्यांना युनिकोड लागतं, म्हणजे अक्षरं साठवायची सगळीकडे चालणारी एकच पद्धत. म्हणून आधी हे काम.

क्रम असा ठेवा:

पहिलं, जुनं मशीन विकू नका. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती ७, ती २००१ ची. पेजमेकरनंतर आलेल्या इनडिझाइनमध्ये सीएस-६ आवृत्तीपर्यंत पेजमेकरच्या फाइली उघडायच्या, पुढच्या सीसी आवृत्त्यांत ती सोय गेली. त्यामुळे कोपऱ्यात धूळ खात पडलेला तो जुना पीसी आणि त्यातलं सॉफ्टवेअर हीच तुमच्या जुन्या अंकांची किल्ली आहे. मी ज्या मासिकात होतो तिथे कोणीतरी साफसफाईत तो पीसी भंगारात दिला, आणि मग पाच वर्षांचे अंक स्कॅन करत बसावं लागलं. आधी त्याची पूर्ण कॉपी दोन हार्ड डिस्कवर घ्या.

दुसरं, मजकूर पीडीएफमधून कॉपी करू नका, मूळ फाइलमधून एक्स्पोर्ट करा. पेजमेकरमध्ये एक लेख म्हणजे एकमेकांना जोडलेल्या चौकटींची एक साखळी असते, त्यात कर्सर ठेवून ती साखळी आरटीएफ (वर्डमध्ये उघडणारी मजकुराची साधी फाइल) म्हणून बाहेर काढा. शीर्षक, चौकट, फोटोओळी वेगळ्या साखळ्यांत असतात, त्या विसरतात लोक. कोरलड्रॉमध्ये शीर्षकं कर्व्ह केलेली असतील तर तिथे मजकूरच नाही, नुसतं चित्र आहे, ती हातानेच टाइप करावी लागतील.

तिसरं, कन्व्हर्ट करायच्या आधी इंग्रजी शब्द वेगळे करा. लेखात मध्येच इंग्रजी फॉन्टमध्ये कंपनीचं नाव किंवा ईमेल असेल तर कन्व्हर्टरला ते कळत नाही, तो त्याचंही मराठी करून टाकतो आणि भलतंच काहीतरी अगम्य उमटतं. आरटीएफमध्ये फॉन्टनुसार शोधून इंग्रजी तुकड्यांच्या आजूबाजूला खूण करून ठेवा.

चौथं, कन्व्हर्टर. श्रीलिपी आणि आयएसएम सोबत स्वतःचं कन्व्हर्टर येतं, कृतिदेवासाठी ऑनलाइन ढीगभर आहेत. एकाच कंपनीच्या जुन्या आणि नव्या फॉन्टची आतली मांडणीही वेगळी असू शकते, त्यामुळे २००३ च्या अंकाला चाललेली सेटिंग २०१० च्या अंकाला चालेलच असं नाही. पूर्ण वर्ष एकदम टाकू नका. आधी एक पान टाकून बघा.

पाचवं, तपासणी. चुका ठरलेल्या जागी होतात म्हणून मी एक ओळ करून ठेवली आहे, प्रत्येक अंकात हे शब्द शोधायचे: दुसऱ्या, तऱ्हा, कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांची, स्फूर्ती, निर्मिती, बुद्धी, कर्तृत्व, ब्राह्मण, ज्येष्ठ, ॲड., डॉक्टर, दुःख. पहिली वेलांटी आणि रफार हे दोन जुन्या फॉन्टमध्ये वेगळ्या जागी टाइप व्हायचे, युनिकोडमध्ये वेगळ्या जागी बसतात, त्यामुळे जोडाक्षर आलं की ते सरकतात. "निर्मिती"ची वेलांटी भलत्याच अक्षरावर जाऊन बसते.

काही चुका डोळ्यांना दिसतच नाहीत, आणि खरा घात त्या करतात. "दुसऱ्या" मधला ऱ्य दोन प्रकारे साठवता येतो, एक सरळ ऱ हे अक्षर घेऊन (इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे), दुसरा साधा र, हलन्त आणि मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह टाकून. पडद्यावर दोन्ही सारखेच. पण तुम्ही साईटवर एक शोधाल तर दुसरा सापडेलच असं नाही. तसंच ॲ, एक अख्खं अक्षर आणि एक अ वर चंद्र देऊन केलेलं. आणि "दुःख" मध्ये विसर्गाऐवजी कोलन तर घरोघरी आहे. हे तिन्ही एकदा ठरवून सगळीकडे फाइंड-रिप्लेस मारा.

ज्या अंकांची फाइलच नाही, फक्त छापील प्रत आहे, ते ३०० डीपीआयवर स्कॅन करा, आणि प्रत्येक कॉलम वेगळा कापून गुगल ड्राइव्हवर टाकून गुगल डॉक्समध्ये उघडा, मजकूर निघतो. अख्खं पान टाकलं तर शेजारच्या कॉलमच्या ओळी एकमेकांत घुसतात आणि महापौरांच्या भाषणात सावजी मसाल्याची जाहिरात येते. झालंय असं.

सगळा जुना साठा एकदम आणायची गरज नाही. आधी ते पन्नास-साठ लेख निवडा जे आजही कोणी शोधेल, म्हणजे संत्र्याच्या बागेवरचे, नाग नदीवरचे, गावांचे इतिहास, मोठ्या मुलाखती. तीन ओळींच्या सत्काराच्या बातम्या राहू द्या.

सावध: जुना लेख वेबवर टाकायच्या आधी लेखकाला विचारा. बाहेरच्या लेखकाने तुम्हाला छापायला दिला होता, त्याचा अर्थ सगळे हक्क दिले असा होत नाही, कॉपीराइट सहसा त्याच्याकडेच असतो. व्हॉट्सॲपवर एक ओळ लिहून घ्या: वेबसाईटवर आणि सोशल मीडियावर वापरायला माझी परवानगी आहे. फोटोंचंही तेच, एजन्सीकडून प्रिंटसाठी घेतलेला फोटो साईटवर चालतोच असं धरू नका.

३. डोमेन आणि लॉगिन कोणाच्या नावावर?

आमच्या मासिकाची पहिली साईट एका ओळखीच्या पोराने करून दिली. डोमेन त्याच्या ईमेलवर, होस्टिंग त्याच्या कार्डवर, फेसबुक पेज त्याच्या प्रोफाइलवरून. पोरगं चांगलं होतं, त्याला पुण्यात नोकरी लागली, नंबर बदलला, आणि वर्षभराने डोमेन संपलं तेव्हा आठवणीचे ईमेल त्याच्या जुन्या अकाउंटला जात होते जे तो उघडतच नव्हता. नाव गेलं. तीन वर्षांच्या लिंका मेल्या.

म्हणून प्रकाशनाच्या नावाने एक नवा ईमेल काढा, डोमेन, होस्टिंग, फेसबुक, यूट्यूब, गुगलचं सर्च कन्सोल सगळं त्यावरच. पासवर्ड वहीत लिहून संपादकाच्या कपाटात, आणि प्रत्येक ठिकाणी दोन ॲडमिन, टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू. डोमेन एकदम तीन-पाच वर्षांसाठी घ्या. पैसे भरायला मालकाचं कार्ड, बिल प्रकाशनाच्या नावाने.

तपासा: साईट करणारा उद्या फोन उचलेनासा झाला तर तुम्ही स्वतः डोमेनच्या पॅनेलमध्ये शिरू शकता का? आत्ता शिरून बघा, नंतर नाही.

४. साईट साधी ठेवा

वर्डप्रेस पुरे. डेव्हलपर तुम्हाला सरकती पट्टी, फ्लिपबुक, हवामानाचा डबा, घड्याळ, व्हिजिटर काउंटर असं सगळं दाखवेल. काही घेऊ नका. मेमध्ये ४५ डिग्रीत बसस्टॉपवर उभ्या माणसाच्या स्वस्त मोबाईलवर तीन-चार सेकंदांत लेख उघडला पाहिजे, एवढी एकच कसोटी.

तीन गोष्टींत मात्र हट्ट धरा.

लिंक. मराठी शीर्षकावरून वर्डप्रेस आपोआप मराठी लिंक बनवतो, ती बघायला छान वाटते, पण व्हॉट्सॲपवर पाठवली की टक्क्याच्या चिन्हांची लांबलचक माळ होते, कारण देवनागरीचं प्रत्येक अक्षर किंवा मात्रा लिंकमध्ये नऊ-नऊ चिन्हं खाते. त्यात वर्डप्रेसची मर्यादा २०० चिन्हांची, म्हणजे साधारण बाविसाव्या अक्षरावर लिंक अर्धवट कापली जाते. त्यामुळे लिंक इंग्रजी लिपीत, तीन-चार शब्दांची, हाताने लिहा. लिंकमध्ये तारीख आणि विभाग घालू नका. आणि एकदा लेख प्रसिद्ध झाला की लिंक बदलायची नाही, बदललीच तर जुनीवरून नवीनवर कायमचं रीडायरेक्ट लावायचं.

अक्षर. मुक्त (Mukta) किंवा नोटो सान्स देवनागरी असा चांगला फॉन्ट घ्या, आकार १८ पिक्सेलच्या आसपास आणि दोन ओळींत अंतर मोकळं, अक्षराच्या दीड पटीपेक्षा जास्तच, कारण आपल्या मात्रा वर आणि उकार खाली येतात, इंग्रजीच्या मापाने ओळी लावल्या की एकमेकींत अडकतात. साईटची भाषा सेटिंगमध्ये मराठी निवडा, नाहीतर काही फॉन्ट हिंदी वळणाचे ल आणि श दाखवतात आणि जुने वाचक लगेच फोन करतात, बरोबरच करतात.

फोटो. छपाईचे फोटो सीएमवायके म्हणजे चार शाईंच्या रंगांत असतात, तसेच चढवले की रंग मेल्यासारखे दिसतात. आरजीबी (पडद्याचे रंग) करा, रुंदी १२०० पिक्सेल, वजन दीडशे-दोनशे केबीच्या आत.

५. ऑफिसमधला क्रम उलटा करा

इथे तंत्रापेक्षा माणसं आडवी येतात. आतापर्यंत सगळं छपाईच्या दिवसाभोवती फिरायचं, मजकूर डीटीपीवाल्याकडे जायचा, पानात बसवायला तो दोन ओळी कापायचा, प्रूफ व्हायचं, आणि अंक गेल्यावर कोणीतरी तो मजकूर पानावरून परत काढून साईटवर टाकायचा. असं करू नका. दुप्पट काम आणि दुप्पट चुका, शिवाय प्रूफमधल्या दुरुस्त्या कधी साईटवर पोचतच नाहीत.

नवीन क्रम: बातमीदार युनिकोडमध्ये गुगल डॉकवर लिहितो (मोबाईलवर बोलून लिहिलं तरी चालेल, पण मग वाचून काढायचं), संपादक तिथेच दुरुस्त करतो, तिथून ते आधी साईटवर जातं, आणि आठवड्याच्या शेवटी त्यातलं निवडक पानावर येतं. इनडिझाइनमध्ये युनिकोड मराठी लावताना परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडावा लागतो, तो निवडला नाही की जोडाक्षरं फुटतात आणि डीटीपीवाला म्हणतो युनिकोड बेकार आहे, आपला कृतिदेवच बरा. त्याच्या शेजारी बसून ही एक सेटिंग दाखवा, निम्मी भांडणं मिटतात.

लिहिण्यातही दोन सवयी बदला.

शीर्षक. छापील पानावर मोठा फोटो आणि वर "पुन्हा तेच!" असं शीर्षक चालतं, कारण खाली सगळं दिसतं. मोबाईलवर फक्त शीर्षक दिसतं. तिथे "नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी, वर्धा रोडला जायचं कुठून?" असं लागतं. जागा, माणूस, प्रश्न शीर्षकातच. आणि "हे वाचून तुम्ही थक्क व्हाल" असलं काही नको, दुसऱ्या वेळी कोणी उघडत नाही.

तारीख. अंकात "काल रात्री", "येत्या रविवारी" लिहितो ते वेबवर महिन्याभराने खोटं होतं. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओव्हरफ्लो होऊन पाणी घरांत शिरलं, त्या दिवसाच्या बातम्या लोक अजूनही दर पावसाळ्यात शोधतात, आणि कितीतरी ठिकाणी नुसतं "आज पहाटे" लिहिलेलं सापडतं. पूर्ण तारीख लिहा. चूक दुरुस्त केली तर लेखाखाली कधी आणि काय दुरुस्त केलं ते एका ओळीत लिहा, गुपचूप बदलू नका, कारण स्क्रीनशॉट आधीच फिरत असतो.

६. कागदपत्रं, एकदाच आणि नीट

प्रेसचा जुना १८६७ चा कायदा गेला. १ मार्च २०२४ पासून २०२३ चा नवा प्रेस आणि नियतकालिक नोंदणी कायदा लागू आहे, वृत्तपत्रांची नोंदणी करणारं जे कार्यालय आपण आरएनआय म्हणायचो ते आता प्रेस रजिस्ट्रार जनरल, आणि व्यवहार प्रेस सेवा पोर्टलवर होतात. तुमची नोंदणी छापील नियतकालिकाची आहे, वेबसाईटची नाही. साईटवर नोंदणी क्रमांक टाकून "नोंदणीकृत न्यूज पोर्टल" असं लिहू नका.

साईटवर बातम्या आणि चालू घडामोडी देणार असाल तर २०२१ चे आयटी नियम येतात. त्याप्रमाणे माहिती व प्रसारण मंत्रालयाला प्रकाशनाची माहिती द्यायची, तक्रार निवारण अधिकारी नेमायचा, त्याचं नाव आणि संपर्क साईटवर ठळक द्यायचा, तक्रार आली की २४ तासांत पोच आणि १५ दिवसांत निकाल. छोट्या ठिकाणी तो अधिकारी म्हणजे उपसंपादकच असतो, काही हरकत नाही, पण ईमेल रोज उघडला गेला पाहिजे.

जीएसटीची एक गफलत फार जण करतात. छापील जाहिरातीच्या जागेवर ५ टक्के, डिजिटल जाहिरातीवर १८ टक्के. इतवारीतल्या सराफाला तुम्ही "पाव पान अधिक साईटवर बॅनर अधिक फेसबुक पोस्ट" असं पॅकेज विकलं आणि सगळ्यावर ५ टक्के लावून एकच बिल फाडलं, तर पुढे नोटीस येऊ शकते. बिलात ओळी वेगळ्या, रक्कम वेगळी. आपल्या सीएला पॅकेज विकायच्या आधी विचारा.

७. आता सोशल, आणि तेही व्हॉट्सॲपपासून

तुमचा वाचक कुठे आहे? निम्मे पन्नाशीच्या पुढचे, सकाळी तर्री-पोह्यासोबत व्हॉट्सॲप उघडणारे. म्हणून सुरुवात तिथून.

ग्रुप काढू नका. ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, तिसऱ्या दिवशी गुड मॉर्निंग आणि पाचव्या दिवशी राजकारण सुरू. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये २५६ चीच मर्यादा, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यालाच मेसेज जातो. चॅनल काढा, एकतर्फी असतं, कोणाचा नंबर कोणाला दिसत नाही. पण चॅनलच्या फॉलोअरचे नंबर तुम्हालाही मिळत नाहीत, म्हणजे उद्या चॅनल बंद झालं तर हात रिकामे. त्यामुळे सोबत स्वतःची नाव-नंबर-ईमेलची यादीही वाढवत राहा, माणसाला विचारून, कशासाठी घेतोय ते सांगून.

दिवसाला दोन-तीन मेसेज, जास्त नाही. लिंक टाकताना वर दोन ओळींत बातमीच सांगा. पाठवायच्या आधी स्वतःलाच पाठवून बघा की लिंकखाली फोटो येतो का, रुंदी १२०० आणि उंची ६३० पिक्सेलचा लागतो, आणि जड असेल तर येतच नाही.

मग फेसबुक. प्रोफाइल नाही, पेज, कारण प्रोफाइलला ५००० मित्रांची मर्यादा आहे. इथे नुसती लिंक चिकटवणं हीच सगळ्यात मोठी चूक. लोक फेसबुकवर वाचायला आलेले असतात, तिथून बाहेर जायला नाही. म्हणून खरंखुरं ब्लॉगिंग तिथेच करा: बातमीदाराने स्वतःच्या नावाने, बोलल्यासारखी, दीडशे-दोनशे शब्दांची पोस्ट लिहायची, एक फोटो, आणि लिंक पहिल्या कमेंटमध्ये.

उदाहरण देतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात काळी-पिवळी मारबत, म्हणजे मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक निघते. छापील साप्ताहिक काय करतं, चार दिवसांनी अर्धं पान. त्याऐवजी सकाळपासून दर तासाला एक बडग्या (मिरवणुकीतला टोमणे मारणारा पुतळा), त्याच्यावर काय लिहिलंय, कोणावर टोमणा आहे, दोन ओळी आणि फोटो. लोक खाली भांडतात, हसतात, आमच्या मोहल्ल्याचा राहिला म्हणून स्वतः फोटो पाठवतात. संध्याकाळी त्या सगळ्याचा एक लेख साईटवर, ज्याच्या लिंकमध्ये साल नाही. पुढच्या वर्षी तोच लेख वरून ताजा करायचा, लिंक तीच. डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशनातही असंच, विधानभवनाच्या बाहेर मोर्चाच्या पॉइंटवर उभं राहून वेळ टाकून छोट्या नोंदी, नवीन वर, जुनी खाली, आणि रात्री त्याचा सलग लेख.

इन्स्टाग्राम आणि यूट्यूब सहा महिन्यांनी, आणि फक्त त्यात रस असलेलं कोणी ऑफिसात असेल तरच. यूट्यूबच्या जाहिरातीचे पैसे सुरू व्हायला १००० सबस्क्राइबर आणि वर्षात ४००० तासांचं पाहणं लागतं (किंवा ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज), तोपर्यंत कॅमेऱ्याचा हप्ता कोण भरणार ते आधी ठरवा. ॲडसेन्सचं पण तसंच, मराठी साईटला चालतं, पण १०० डॉलर जमेपर्यंत पैसे हातात येत नाहीत. त्याच्यावर पगाराचा हिशोब मांडू नका बाप्पा.

सावध: कमेंट बघायला माणूस नसेल तर जातीपातीच्या आणि धर्माच्या विषयावरची पोस्ट रात्री अकराला टाकून झोपू नका. सकाळी उठाल तेव्हा पोस्ट तुमची आणि डोकेदुखीही तुमची.

८. जुने वर्गणीदार

पत्र पाठवा, छापील, पोस्टाने. ज्यांनी तीस वर्षं अंक पोस्टाने घेतला त्यांना "आम्ही डिजिटल होत आहोत" हे फेसबुकवरून कळलं तर त्यांना अपमान वाटतो. पत्रात तीनच गोष्टी: अंक किती दिवस छापील येईल, उरलेल्या वर्गणीचं काय, आणि मोबाईलवर वाचायचं असेल तर कोणत्या नंबरवर मिस्ड कॉल द्यायचा. मग एका माणसाला पंधरा दिवस फोनवर बसवा, एकेकाला फोन करून चॅनल कसं फॉलो करायचं ते सांगायला. बहुतेक वेळा नातू-नात फोन हातात घेतात आणि दोन मिनिटांत करून देतात. आजीव वर्गणीदारांना निवड द्या, छापील अंक निघेल तोवर छापील, नाहीतर रक्कम परत. परत मागणारे फार नसतात, पण विचारलं नाही तर सगळेच नाराज.

९. प्रिंट कमी करणं, सगळ्यात शेवटी

साईटवर सहा महिने नियमित काम झालं, जाहिरातदारांपैकी निदान काहींनी डिजिटलचं बिल भरलं, तेव्हाच हा विषय काढा. एकदम बंद करू नका. साप्ताहिकाचं पाक्षिक किंवा मासिक करता येतं, पण अंक किती दिवसांनी निघणार असं नोंदणीत लिहिलं आहे ते बदलून घेतल्याशिवाय अंक गाळू नका. अंक अनियमित झाला की नोंदणी, पोस्टाची सवलत आणि सरकारी जाहिरातींची यादी, तिन्हीवर एकदमच पाणी. पूर्ण बंद करायचं असेल तरी प्रेस रजिस्ट्रारला रीतसर कळवायचं.

छपाई सुरू आहे तोवर प्रत्येक मोठ्या लेखाखाली त्याच लेखाच्या लिंकचा क्यूआर कोड छापा, नुसत्या होमपेजचा नाही. कोड किमान दोन सेंटिमीटरचा, पांढऱ्या जागेवर काळा, दुमडीवर नाही. आणि प्लेट काढायच्या आधी प्रूफच्या कागदावरून स्वतःच्या मोबाईलने स्कॅन करून बघा, संपादकाच्या महागड्या फोनने नाही, प्रेसमधल्या पोराच्या फोनने. आम्ही एकदा न बघता छापला होता, तो कोड उघडायचा तर थेट डेव्हलपरच्या टेस्ट साईटवर, जिथे सगळ्या बातम्यांच्या जागी लॅटिनमध्ये काहीतरी लिहिलेलं होतं, आणि एका वर्गणीदार काकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून विचारलं की हे कोणत्या भाषेत सुरू केलं तुम्ही.